करार, कब्जा आणि कूळ : वाशीम परिसरातील पट्टेदारांच्या हक्कांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती. १९३९ मध्ये येथे उपलब्ध झालेला विंध्यशक्ती द्वितीय याचा ताम्रपट भूमिदानाचा आहे. जमिनीविषयीचे वचन टिकावे म्हणून ते लेखी स्वरूपात ठेवण्याची परंपरा या भूमीत किती जुनी आहे, हे त्यावरून लक्षात येते. परंतु लेख झाला म्हणजे वचन पाळले गेलेच, असे इतिहास सांगत नाही. पट्टा लिहून दिल्यानंतर मालकाने शब्द फिरवला, तर कसणाऱ्याच्या हाती काय उरते, हा प्रश्न वऱ्हाडच्या शेतीव्यवस्थेत पिढ्यान् पिढ्या कायम राहिला आहे. प्रस्तुत निबंधात १८५३ पासूनच्या कालखंडात या प्रश्नाचे स्वरूप कसे बदलत गेले, याचा वाशीम परिसराच्या संदर्भात विचार केला आहे.

वऱ्हाड : भाडेपट्ट्याने दिलेला प्रांत

वऱ्हाडच्या इतिहासाचे एक वैशिष्ट्य असे, की येथे केवळ शेतेच नव्हे, तर संपूर्ण प्रांत भाडेपट्ट्याने दिला गेला. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चासाठी १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. १८६० च्या तहाने ही व्यवस्था कायम राहिली. पुढे १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्याशी करार करून वऱ्हाडचा कायमचा पट्टा मिळविला. वार्षिक भाडे २५ लाख रुपये ठरले आणि निजामाचे नाममात्र सार्वभौमत्व मान्य करण्यात आले. १ ऑक्टोबर १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताला जोडला गेला. त्यानंतर थोड्याच अवधीत, १९०५ मध्ये, जुना वाशीम जिल्हा मोडून त्याचे तालुके अकोला व यवतमाळ या जिल्ह्यांत वाटण्यात आले. वाशीमला पुन्हा जिल्ह्याचा दर्जा मिळण्यासाठी १ जुलै १९९८ ही तारीख उजाडावी लागली.

सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९२३ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांना पत्र लिहून वऱ्हाड परत मागितले. १९०२ च्या करारास आपल्या वडिलांची संमती मुक्त नव्हती, असे त्यांचे प्रतिपादन होते. पट्टा देणाऱ्याने पट्टा मोडू पाहण्याचा हा प्रसंग होता. २७ मार्च १९२६ च्या उत्तरात रीडिंग यांनी ही मागणी ठामपणे फेटाळली. ब्रिटिश सत्ता हिंदुस्थानात सर्वश्रेष्ठ असल्याने कोणत्याही संस्थानिकास तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाद घालता येणार नाही, असा त्या उत्तराचा आशय होता. १९३६ च्या नव्या कराराने निजामाच्या युवराजास 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. प्रांत मात्र परत मिळाला नाही. येथे पट्टेदार मालकापेक्षा बलवान होता, म्हणून पट्टा अभंग राहिला. गावपातळीवर चित्र नेमके उलटे होते.

रयतवारी व्यवस्थेतील अदृश्य कूळ

इंग्रजी अमलात वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी होऊन रयतवारी पद्धत लागू झाली. सरकारदरबारी ज्याचे नाव, तोच खातेदार आणि तोच कसणारा, असे या पद्धतीचे गृहीतक होते. खातेदाराला जमीन विकण्याचा व गहाण टाकण्याचा हक्क मिळाला. कापसाच्या व्यापाराबरोबर जमिनीची किंमत वाढली आणि कर्जापायी अनेक शेते सावकारांच्या नावे झाली. मूळ शेतकरी पुष्कळदा त्याच शेतात बटईने किंवा मक्त्याने राबू लागला. बटईत पिकाचा वाटा द्यावयाचा, तर मक्त्यात ठरलेली रोख रक्कम. कायद्याच्या दृष्टीला मात्र हा माणूस दिसतच नव्हता.

शेजारच्या नागपूर भागात मालगुजारी असल्याने कूळ आणि मालगुजार यांच्यातील संघर्ष सरकारला स्पष्ट दिसत होता. त्यामुळे तेथे १८८३, १८९८ व १९२० असे कूळकायदे झाले. वऱ्हाडात इनामी व जहागिरी गावांतील काही कुळांना १९२८ च्या वऱ्हाड जमीन महसूल संहितेत संरक्षण मिळाले. परंतु खालसा गावांतील खातेदाराची जमीन मक्त्याने करणारा मनुष्य बहुधा वर्षाच्या करारावरच राहिला.

सर्वसामान्य करारकायदाही त्याच्या फारसा उपयोगी नव्हता. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमानुसार पट्टा देणाऱ्याने मागणी होताच कब्जा दिला पाहिजे आणि भाडे भरणाऱ्या पट्टेदारास निर्वेध उपभोग घेऊ दिला पाहिजे. परंतु त्याच अधिनियमाच्या ११७ व्या कलमाने शेतीचे पट्टे या प्रकरणातून वगळले होते. शिवाय पाडव्याला ठरलेला मक्ता मृगाच्या तोंडावर मोडला, तर दिवाणी दाव्याचा निकाल लागेपर्यंत एक नव्हे, अनेक हंगाम उलटून जात. नुकसानभरपाई मिळाली तरी गेलेला हंगाम परत येत नसे. वखरणी, शेणखत आणि बियाणे यांवर आधीच झालेला खर्च सावकाराच्या वहीत कर्ज म्हणून उभा राही.

१९५१ आणि १९५८ चे अधिनियम

ही स्थिती प्रथम बदलली ती तत्कालीन मध्यप्रदेश शासनाच्या १९५१ च्या वऱ्हाड शेती पट्टा नियमन अधिनियमाने. पक्षकारांनी काहीही मुदत ठरविलेली असली, तरी या अधिनियमाच्या कक्षेतील पट्टा पाच वर्षांचा समजावा, असे त्याने ठरविले. 'संरक्षित पट्टेदार' हा नवा वर्ग अस्तित्वात आला. भाडे थकविणे, जमिनीची कायमची हानी करणे, पोटपट्ट्याने देणे यांसारख्या विहित कारणांशिवाय पट्टा संपविता येईनासा झाला. मालकाची इच्छा हे कारण राहिले नाही. मात्र स्वतः कसण्यासाठी जमीन परत घेण्याची वाट मालकास मोकळी ठेवली होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन (विदर्भ प्रदेश) अधिनियम अमलात आला. त्यातील तीन तरतुदी येथे महत्त्वाच्या आहेत. पहिली, दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारी व्यक्ती ही मालकाच्या कुटुंबातील, मजुरीवरील किंवा कब्जेगहाणदार नसेल, तर ती कूळ मानली जाईल. म्हणजे हक्काचा आधार कागदाकडून कष्टाकडे सरकला. दुसरी, तहसीलदाराच्या आदेशाशिवाय मालकास कुळाकडून कब्जा घेता येणार नाही. तिसरी, कुळाने जमीन सोडल्याचे लेखी असले पाहिजे आणि तहसीलदाराने त्याची खातरजमा केली पाहिजे. पुढे १ एप्रिल १९६१ व १ एप्रिल १९६३ या तारखांपासून, अधिनियमातील अटींच्या अधीन राहून, कसत असलेल्या जमिनीची मालकी कुळांकडे हस्तांतरित झाल्याचे मानले गेले.

तिसऱ्या तरतुदीची गरज का भासली, हे वि. म. दांडेकर व गो. ज. खुदानपूर यांच्या जुन्या मुंबई राज्यातील कूळकायद्याविषयीच्या १९५७ च्या अभ्यासावरून समजते. कुळांनी 'स्वखुशीने' जमिनी सोडल्याच्या नोंदींमागे खुशी किती आणि दडपण किती, हा प्रश्न त्यांनी उपस्थित केला होता. मालकाने करार मोडण्याऐवजी कुळाकडूनच तो मोडवून घेणे, ही अधिक सोयीची रीत होती.

घरभाडे : शहरी बाजू

वाशीम, कारंजा, रिसोड यांसारख्या गावांतील घरे व दुकाने यांबाबत वेगळी व्यवस्था होती. मध्यप्रांत व वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेश, १९४९ नुसार भाडे नियंत्रकाच्या परवानगीशिवाय मालकास भाडेकरूला जागा सोडण्याची नोटीस देता येत नसे. रिकाम्या जागेची माहिती प्रशासनास देणेही मालकावर बंधनकारक होते. काही मालकांनी ही माहिती न देता भाडेकरू ठेवले आणि नंतर तो करारच बेकायदा असल्याचे सांगितले. १९८६ च्या एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की असा भाडेपट्टा उभय पक्षांमध्ये शून्य ठरत नाही. त्यांना आपल्या अटी पाळाव्याच लागतात. स्वतःच्या नियमभंगाचा लाभ मालकास घेता येत नाही, हा या निर्णयाचा व्यावहारिक अर्थ होय.

३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला. त्याच्या ५५ व्या कलमान्वये भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. सही झाली परंतु कब्जा मिळाला नाही, अशा वेळी भाडेकरूस करारपूर्तीचा दावा किंवा १८७२ च्या करार अधिनियमाखाली नुकसानभरपाई मागता येते. नोंदणी न झालेला दस्तऐवजही करारपूर्तीच्या दाव्यात पुरावा म्हणून दाखल करता येतो.

कायद्याचा अनपेक्षित परिणाम

'कूळ लागेल' या धास्तीने मालक लेखी पट्टा देण्याचे टाळू लागले. मक्ता तोंडी झाला, सातबाऱ्यावरील पीकपाहणीत मालकाचेच नाव राहिले आणि ज्याच्या रक्षणासाठी कायदा झाला, तो कसणारा पुन्हा अदृश्य झाला. कागद नसल्याने पीककर्ज, विमा आणि नुकसानीचे अनुदान मिळविणे त्याला कठीण जाते. २०१६ मध्ये नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने शेतजमीन पट्ट्याने देण्याचा आदर्श कायदा सुचविला. मालकाची मालकी निर्धोक ठेवून पट्टेदाराला लेखी ओळख द्यावी, हा त्यामागील विचार होता.

निष्कर्ष

या विवेचनातून तीन बाबी स्पष्ट होतात. एक, करार टिकणे हे केवळ स्वाक्षरीवर नव्हे, तर पक्षकारांच्या बळावर अवलंबून राहिले. १९२६ मध्ये पट्टा मोडू न देणाऱ्या सत्तेने खालसा गावांतील मक्तेदाराचा पट्टा टिकविण्याची तजवीज मात्र केली नाही. दोन, १९५१ व १९५८ च्या अधिनियमांनी हक्काचा आधार कागदाऐवजी प्रत्यक्ष वहिवाटीत शोधला, हे त्यांचे मोठे योगदान होय. तीन, ही वहिवाट नोंदविली गेली नाही, तर सिद्ध करण्याचा सारा भार दुर्बल पक्षावर पडतो. म्हणून पेरणीपूर्वी झालेल्या मक्त्याची गावपातळीवर साधी, अल्पखर्चिक व मालकाला भय न वाटेल अशी नोंद होणे, ही वाशीमसारख्या कोरडवाहू जिल्ह्याची आजची गरज आहे. अशी नोंद असेल, तरच हंगामाच्या तोंडावर शब्द फिरविणाऱ्या मालकाविरुद्ध त्याच हंगामात तहसीलदाराकडे दाद मागणे कसणाऱ्याला शक्य होईल.