पारख मूत्रपिंडविकाराची

तेरणाकाठचे तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. थापटण्याने मडक्याची परीक्षा करावी, तशी काकांनी संतमंडळींची केल्याची कथा येथे घरोघरी सांगितली जाते. मडक्याचा कच्चेपणा डोळ्यांना दिसत नाही; तो आवाजावरून जाणावा लागतो. मूत्रपिंडाचा जुनाट विकारही असाच छुपा असून त्याची पारख साधण्यास वैद्यकशास्त्राला शतके लागली.

आपल्या प्राचीन वैद्यांनी मूत्राच्या लक्षणांवरून प्रमेहाचे भेद सांगितले. अंगावरील सुजेचेही वर्णन केले. तथापि सूज, मूत्रातील प्रथिने आणि मूत्रपिंडे यांचा संबंध लंडनच्या गायज् हॉस्पिटलमधील डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये स्पष्ट केला. रुग्णाचे मूत्र चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापविले की त्यातील प्रथिने साकळत. निदान सापडले, परंतु उपाय नव्हता. १९४३ मध्ये हॉलंडात डॉ. कोल्फ यांनी कृत्रिम मूत्रपिंड वापरले, तर १९५४ मध्ये बोस्टन येथे पहिले यशस्वी मूत्रपिंडरोपण झाले.

आणीबाणीत स्थानबद्ध असताना लोकनायक जयप्रकाश नारायण यांची प्रकृती खालावली. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात दाखल केले, तेव्हा मूत्रपिंडे निकामी झालेली होती. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी निधन होईपर्यंत ते डायलिसिसवर जगले. उपचाराने आयुष्य लाभले. गेलेली मूत्रपिंडे मात्र परत आली नाहीत.

या इतिहासाचा बोध सरळ आहे. सकाळी डोळ्यांभोवती किंवा सायंकाळी पायांवर सूज, फेसाळ लघवी, रात्री वारंवार उठावे लागणे, सततचा थकवा, अन्नावरची वासना उडणे, मळमळ, अंगाला खाज, धाप लागणे, या खुणा वयाच्या नावावर घालू नयेत. शिवाय प्रारंभी बहुधा कोणतीच खूण दिसत नाही. म्हणून मधुमेही व रक्तदाबाच्या रुग्णांनी वर्षातून एकदा तरी लघवीतील प्रथिने व रक्तातील क्रिएटिनिन तपासावे, रक्तदाब मोजत राहावा. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. विकार असणाऱ्यांनी निर्जळी उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

भट्टीतून निघाल्यावर मडक्याची चूक दुरुस्त होत नाही. देहाची पारख मात्र वेळीच करणे आपल्या हाती आहे. ब्राइट यांना एक चमचा आणि मेणबत्ती पुरली होती. आज तीच तपासणी गावोगावी अल्प खर्चात होते. आवश्यकता आहे ती घरातील वडीलधाऱ्यांना हाताला धरून तेथवर नेण्याची.