केडल्स्टनचे घर आणि कलकत्त्याचा वाडा

लॉर्ड कर्झन हे नाव बंगालच्या फाळणीमुळे आपल्या परिचयाचे आहे. १९०५ च्या त्या निर्णयाने पुण्या-मुंबईतही स्वदेशीची लाट उसळली. परंतु १८९९ साली हे गृहस्थ व्हाइसरॉय होऊन कलकत्त्याच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये राहावयास आले, तेव्हा ती इमारत त्यांना मुळीच परकी नव्हती. ज्या घरात ते जन्मले, त्याच्याच नमुन्यावर ती शंभर वर्षांपूर्वी बांधण्यात आली होती. ते मूळ घर म्हणजे इंग्लंडातील डार्बीशायरमधील केडल्स्टन हॉल.

सर नॅथॅनिएल कर्झन यांनी १७५९ साली या घराचे काम सुरू केले. जुने घर पाडले. इतकेच नव्हे, तर शेजारचे गावही दृष्टीआड व्हावे म्हणून दुसरीकडे हलविले. जागेवर राहिले ते जुने चर्च तेवढे! मॅथ्यू ब्रेटिंगहॅम आणि जेम्स पेन यांच्या मागून रॉबर्ट ॲडम हा तरुण स्थपती आला. तो इटलीत राहून रोमन अवशेषांचा अभ्यास करून नुकताच परतला होता.

मूळ आराखडा असा : मध्यभागी मुख्य इमारत, तिच्या चार कोपऱ्यांतून निघणारे चार अर्धवर्तुळाकार मार्ग आणि प्रत्येकाच्या टोकाशी एकेक उपगृह. प्रत्यक्षात उत्तरेची दोनच उपगृहे झाली. एकात कुटुंब राही, दुसऱ्यात मुदपाकखाना. मग मधली भव्य इमारत कशासाठी? ती दाखविण्यासाठी!

आत शिरताच संगमरवरी दालन लागते. दोन्ही बाजूंस अलाबास्टर दगडाचे पंचवीस फूट उंचीचे वीस स्तंभ आहेत. भिंतींना खिडक्या नाहीत. प्रकाश उतरतो तो छतातून, रोमन घराच्या चौकात उतरावा तसा. त्यापलीकडे रोमच्या पँथिऑनच्या धर्तीवरचे गोल दालन, बासष्ट फूट उंच. दक्षिणेचा दर्शनी भाग तर सम्राट कॉन्स्टंटाइनच्या विजयकमानीवरून घेतलेला. शयनगृहातील पलंगाचे खांब ताडाच्या झाडांसारखे कोरलेले आहेत. छताच्या नक्षीपासून सामानसुमानापर्यंत सर्व काही एका सुरात असावे, हा ॲडमचा कटाक्ष. डॉक्टर जॉन्सनला मात्र १७७७ साली हे घर फारसे रुचले नाही. नगरसभागृह म्हणून ते झकास शोभेल, असा त्याने शेरा मारला. त्या थट्टेत तथ्य होते. ही वास्तू गृहस्थाची कमी आणि सत्तेची अधिक होती.

हे मर्म लॉर्ड वेलस्लीने ओळखले. १७९९ साली त्याने कलकत्त्यात गव्हर्नर-जनरलचा वाडा बांधावयास घेतला. कॅप्टन चार्ल्स वायट याने केडल्स्टनचा आराखडा पुढे ठेवला आणि तेथे राहून गेलेली दोन उपगृहेही येथे पुरी झाली. डार्बीशायरच्या जमीनदाराला जे जमले नाही, ते हिंदुस्थानच्या महसुलावर जमले! स्वयंपाकघर मात्र वाड्याच्या आवाराबाहेरच राहिले. खर्चाचे आकडे पाहून लंडनचे संचालक संतापले. व्यापारी कंपनीच्या नोकराला राजवाडा कशाला, हा त्यांचा प्रश्न. परंतु वेलस्ली स्वतःला व्यापाऱ्याचा नोकर मानीतच नव्हता. वाडा पुरा झाला १८०३ साली. त्याच वर्षी त्याच्या धोरणाने आणि त्याच्या भावाच्या सेनापतित्वाखाली असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या फौजा मोडल्या. वाडा आणि युद्ध ही एकाच महत्त्वाकांक्षेची दोन अंगे होत.

कर्झनचा स्वभाव या दोन्ही घरांत घडला, असे म्हणणे धाडसाचे होईल. पण भव्यतेचे वेड आणि प्रजेच्या भावनेविषयीची बेपर्वाई ही दोन्ही त्याच्यात होती. प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा १९०४ चा कायदा त्याचाच आणि पुढच्याच वर्षीची फाळणीही त्याचीच. १९२५ साली तो वारला, तेव्हा गाव हलल्यावर मागे उरलेल्या त्याच चर्चमध्ये त्याला पुरण्यात आले. १९८७ पासून घर नॅशनल ट्रस्टकडे आहे. कलकत्त्याच्या वाड्यात १९४७ नंतर पश्चिम बंगालचे राज्यपाल राहू लागले.

अशा वास्तूंकडे आपण कसे पाहावे? द्वेषाने पाहिले तर ॲडमची कारागिरी दिसणार नाही. भारावून पाहिले तर उठविलेले गाव आणि महसूल भरणारी रयत दिसणार नाही. ते स्तंभ सुंदर आहेत, हे मोकळ्या मनाने मान्य करावे आणि ते कोणाच्या खर्चाने उभे राहिले, हेही तितक्याच मोकळेपणाने विचारावे. आपल्या गावातील वाड्यांनाही हाच प्रश्न विचारावयास हरकत नाही.