हेरगिरीच्या आकाशात हायड्रोजनची परीक्षा

४ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेच्या एफ-२२ विमानाने साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळ एक अवाढव्य चिनी फुगा पाडला. उपग्रहांच्या जमान्यात फुगा कशासाठी, असे तेव्हा अनेकांनी विचारले. ते आश्चर्य अनाठायी होते, कारण शत्रूकडे वरून पाहण्यासाठी फुगा वापरण्याची रीत सव्वादोनशे वर्षांहून जुनी आहे आणि तिचा बराचसा काळ हायड्रोजनच्या बळावर गेला आहे. आज हायड्रोजनकडे उद्याचे इंधन म्हणून पाहिले जाते. कारखाने, ट्रक, जहाजे, विमाने सगळे त्यावर चालेल, अशी आश्वासने रोज वाचायला मिळतात. ती तपासायची तर हेरगिरीच्या इतिहासाइतकी चांगली प्रयोगशाळा दुसरी नाही. लष्करांकडे पैसा होता, निकड होती आणि धोका पत्करायची तयारी होती, तरीही हायड्रोजन काही ठिकाणी यशस्वी झाला आणि काही ठिकाणी सपशेल हरला. तो का जिंकला आणि का हरला हे नीट पाहिले, तर एक गोष्ट पुनःपुन्हा समोर येते. हायड्रोजनचे भवितव्य त्याच्या ज्वलनशीलतेपेक्षा तो कुठे बनतो, किती जागा व्यापतो आणि किती काळ साठवावा लागतो, यावर ठरत आले आहे.

सुरुवात फ्रान्समध्ये झाली. १७८३ मध्ये जाक शार्लने हायड्रोजनचा फुगा पॅरिसवर उडवला आणि अकरा वर्षांत क्रांतिकारी सरकारने फुग्यांची लष्करी तुकडी उभी केली. जून १७९४ मध्ये फ्लरूसच्या लढाईत कूतेल हा अधिकारी दोराने बांधलेल्या फुग्यात कित्येक तास बसून शत्रूच्या हालचाली खाली कळवत होता. लढाई फ्रान्सने जिंकली. पण तो फुगा भरायचा तर विटांची भट्टी बांधून, लाल तापवलेल्या लोखंडी नळ्यांतून वाफ सोडून वायू तयार करावा लागे आणि त्यात दीड-दोन दिवस जात. सैन्य पुढे सरकले की भट्टी मागे राही. नेपोलियनने ही तुकडी इजिप्तला नेली, पण अबूकीरच्या आरमारी लढाईत तिचे सामान गेले आणि १७९९ मध्ये तुकडीच बरखास्त झाली. अमेरिकी यादवी युद्धात थॅडियस लो याने गंधकाम्ल आणि लोखंडाचा कीस वापरून वायू बनवणारे गाडे तयार केले, त्यामुळे काम दिवसांवरून तासांवर आले. पुढे इंग्रजांनी दाबाखाली भरलेली पोलादी सिलिंडरे मोहिमेवर नेली. तरीही बोअर युद्धात लेडीस्मिथला वेढा पडला, तेव्हा तिथला टेहळणी फुगा अखेर वायू संपल्याने खाली उतरला. या शतकभराच्या अनुभवात फुगे फुटण्या-पेटण्याच्या घटना आहेत, पण सेनापतींची खरी डोकेदुखी वायू वेळेवर आणि हव्या त्या जागी मिळण्याची होती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: मग हिंडेनबुर्गचे काय? ६ मे १९३७ रोजी न्यू जर्सीतल्या लेकहर्स्ट येथे ते प्रचंड जर्मन हवाईजहाज काही सेकंदांत जळाले. त्यात बसलेल्या ९७ जणांपैकी ३५ आणि जमिनीवरचा एक असे ३६ जण दगावले. ती चित्रे जगाच्या मनातून पुसली गेली नाहीत, आणि प्रवासी वाहून नेणाऱ्या जहाजांत हायड्रोजन भरणे त्यानंतर थांबले, हेही खरे. पण आकडे थोडे वेगळे सांगतात. जहाजावरचे ६२ जण त्या आगीतून वाचले. त्याच कंपनीचे ग्राफ झेपेलिन हे जहाज १९२८ पासून नऊ वर्षे हायड्रोजनवरच उडाले आणि एकही प्रवासी न गमावता त्याने दहा लाख मैलांहून अधिक अंतर कापले. शिवाय पर्याय असूनही जर्मनांना तो मिळाला नव्हता. हीलियम जळत नाही आणि त्याची उचलशक्ती हायड्रोजनपेक्षा जेमतेम आठ टक्के कमी आहे. पण त्याचे साठे टेक्सास-कॅन्ससच्या नैसर्गिक वायूत होते आणि १९२५ च्या कायद्यानंतर अमेरिका तो बाहेर जाऊ देत नव्हती. वायूची निवड सुरक्षिततेच्या हिशेबाइतकीच पुरवठ्यानेही केली. आजही टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून वैज्ञानिक फुगे हायड्रोजन भरून सोडले जातात. भारताला हीलियम आयात करावा लागतो, हायड्रोजन इथे बनतो. शिस्त पाळून हा वायू दशकानुदशके हाताळता येतो, याचा हा घरचाच पुरावा.

हायड्रोजनची सर्वांत कठीण परीक्षा १९५६ साली सुरू झाली. तिची पार्श्वभूमी अशी: त्या जानेवारीत अमेरिकी हवाई दलाने ‘जेनेट्रिक्स’ या मोहिमेत नॉर्वे, स्कॉटलंड, पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तानातून पाचशेहून अधिक फुगे सोडले. स्वयंचलित कॅमेरे घेऊन ते पश्चिमेच्या वाऱ्यांवर सोव्हिएत भूमी ओलांडणार आणि पॅसिफिकवर पोचल्यावर छत्रीने उतरणारी कॅमेऱ्याची पेटी विमाने हवेतच झेलणार, अशी योजना होती. जगाला मात्र हवामान-संशोधन असे सांगितले गेले. रात्री वायू थंड होऊन फुगा खाली येई आणि पहाटे सोव्हिएत लढाऊ विमाने त्याला गाठत. मॉस्कोने पकडलेल्या पेट्या जाहीरपणे मांडल्या, निषेध केला आणि फेब्रुवारीत आयझेनहॉवर यांनी मोहीम थांबवली. परत मिळालेल्या पेट्या शंभरातल्या जेमतेम दहाच्या आसपास होत्या. फुगा उंच जातो, पण कुठे जायचे हे वारा ठरवतो, हा त्याचा मूळ दोष यातून उघड झाला. त्याच वर्षी ४ जुलैला यू-२ हे अमेरिकी हेरविमान पहिल्यांदा सोव्हिएत आकाशात गेले आणि पहिल्याच उड्डाणात रडारने त्याला हेरले. यू-२ पेक्षा खूप उंच आणि खूप वेगवान विमानाचा शोध त्याआधीच सुरू झाला होता. अशा विरळ हवेत नीट जळणारे, वजनाच्या मानाने सर्वाधिक ऊर्जा देणारे इंधन कोणते, याचे उत्तर एब सिल्व्हरस्टीन या शास्त्रज्ञाने आदल्या वर्षीच एका अहवालात दिले होते: द्रवरूप हायड्रोजन.

त्यातून ‘सनटॅन’ हा अतिगुप्त प्रकल्प उभा राहिला. यू-२ बनवणाऱ्या लॉकहीडच्या केली जॉन्सनने सीएल-४०० नावाच्या विमानाचा आराखडा मांडला: तीस किलोमीटर उंची, आवाजाच्या अडीचपट वेग. प्रॅट अँड व्हिटनीने हायड्रोजनवर चालणारे इंजिन बनवून जमिनीवर चालवून दाखवले. फ्लोरिडात उणे २५३ अंश सेल्सिअसला द्रव हायड्रोजन बनवणारा कारखाना उभारला गेला आणि तो खताचा कारखाना आहे अशी बतावणी झाली. सिल्व्हरस्टीनच्या सहकाऱ्यांनी फेब्रुवारी १९५७ मध्ये एका बी-५७ विमानाचे एक इंजिन आकाशात हायड्रोजनवर चालवले. लॉकहीडच्या अभियंत्यांनी हायड्रोजनच्या टाक्या मुद्दाम फोडून पेटवल्या आणि त्यांना आढळले की ज्वाळा झटकन वर जाऊन विझते, केरोसीन मात्र जमिनीवर पसरून जळत राहते. म्हणजे इंजिन जमले, वायू बनला, आगीची भीतीही आटोक्यात आली. तरी प्रकल्प मेला, आणि तो मारला खुद्द जॉन्सनने.

कारण साधे आणि निर्दय होते. एक किलो हायड्रोजनमध्ये १२० मेगाज्यूल ऊर्जा असते, केरोसीनमध्ये ४३. पण एक घनमीटर द्रव हायड्रोजनचे वजन अवघे ७१ किलो भरते, केरोसीनचे ८०० च्या आसपास. तेवढ्याच ऊर्जेसाठी टाकी चौपट मोठी लागते. यू-२ ची लांबी पंधरा मीटर, तर सीएल-४०० ची पन्नास मीटरच्या घरात गेली. केरोसीन पंखांत मावते. अतिथंड हायड्रोजनला जाड आवरणाची गोल टाकी हवी, म्हणून धडाचा बहुतेक भाग इंधनानेच खाल्ला. पल्ला वाढवायला टाकी वाढवली की विमान वाढे, ओढ वाढे आणि मिळालेला पल्ला पुन्हा गिळला जाई. परदेशी तळांवर हे इंधन पोचवायचे कसे, याचे उत्तर तर कोणाकडेच नव्हते. १९५८ पर्यंत प्रकल्प गुंडाळल्यात जमा झाला आणि उरलेला निधी लॉकहीडने हवाई दलाला परत केला. पुढे आलेल्या ए-१२ आणि एसआर-७१ या हेरविमानांनी केरोसीनच्याच एका खास प्रकारावर आवाजाच्या तिप्पट वेग गाठला, आणि ते इंधन त्यांना हवेतल्या हवेत भरता येत होते.

सनटॅनची कहाणी इथे संपत नाही, आणि म्हणूनच हायड्रोजन निरुपयोगी आहे हा दुसऱ्या टोकाचा निष्कर्षही चुकतो. त्या इंजिनाचे ज्ञान, फ्लोरिडातले कारखाने, टाक्या आणि पंप वाया गेले नाहीत. त्याच कंपनीने त्यावरून आरएल-१० हे रॉकेट इंजिन घडवले. नोव्हेंबर १९६३ मध्ये ते लावलेला सेंटॉर टप्पा यशस्वीपणे कक्षेत गेला आणि आरएल-१० च्या सुधारित आवृत्त्या आजही उडतात. चंद्रावर माणसे नेणाऱ्या सॅटर्न-५ चे वरचे दोन टप्पे हायड्रोजनवरच चालले. भारताने ५ जानेवारी २०१४ रोजी जीएसएलव्हीवर स्वतःचे क्रायोजेनिक इंजिन यशस्वी केले, तेही हेच इंधन वापरून. विमानात हरलेला हायड्रोजन रॉकेटात का जिंकला? रॉकेट एकाच तळावरून सुटते, त्यामुळे इंधन जगभर पोचवावे लागत नाही. टाकी उड्डाणाच्या जरा आधी भरतात आणि काही मिनिटांत रिकामी होते, त्यामुळे साठवणीचा प्रश्न छोटा होतो. वरच्या टप्प्यात आकारमानापेक्षा वजन मोलाचे, कारण तिथला प्रत्येक किलो खालच्या टप्प्यांनी उचलून आणलेला असतो.

यावर म्हणता येईल की १९५८ पासून तंत्रज्ञान फार पुढे गेले. कार्बन तंतूंच्या टाक्या आल्या, इंधनघट आले, सौर वीज स्वस्त झाली. हे सगळे खरे आणि स्वागतार्ह आहे. पण हायड्रोजनची घनता निसर्गाने ठरवली आहे. ७०० बार दाबाखालीही घनमीटरमध्ये चाळीस किलोच वायू बसतो, आणि तो द्रवरूप करायला त्याच्यातल्या ऊर्जेच्या जवळजवळ एक तृतीयांश ऊर्जा खर्ची पडते. सोव्हिएत तुपोलेव्ह-१५५ ने १९८८ मध्ये द्रव हायड्रोजनवर उड्डाण केले, पण प्रवासी विमान त्यातून निघाले नाही. एअरबसने २०३५ साठी जाहीर केलेले हायड्रोजन विमानही आता लांबणीवर पडले आहे. हे अपयश अभियंत्यांच्या आळसाचे नाही. केली जॉन्सनला अडवणारी गणिते आजही तीच आहेत.

म्हणून भारताच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन (म्हणजे सौर-पवन विजेने पाण्यापासून बनवलेला हायड्रोजन) मोहिमेकडे याच कसोटीने पाहायला हवे. जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपये मंजूर झालेल्या या मोहिमेचे लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे आहे. जगात आज वर्षाला सुमारे दहा कोटी टन हायड्रोजन वापरला जातो, मुख्यतः तेलशुद्धीकरण आणि खतांसाठी, आणि तो जवळजवळ सगळा नैसर्गिक वायू व कोळशापासून बनतो. महाराष्ट्रात चेंबूर आणि थळच्या खत कारखान्यांत अमोनियासाठी तो बनतो आणि तिथल्या तिथे वापरला जातो. तिथे दूरच्या वाहतुकीचा प्रश्न नाही, दीर्घ साठवणीचा नाही, टाकीच्या आकाराचाही नाही. हरित हायड्रोजनचा पहिला थेंब अशा कारखान्यांत आणि पोलादाच्या भट्ट्यांत जायला हवा. मोटारी आणि विमानांसाठी सार्वजनिक पैसा त्यानंतर मागावा. हायड्रोजनचा कोणताही नवा प्रकल्प जाहीर झाला की नागरिकांनी तीन प्रश्न विचारावेत: तो कुठे बनणार, किती जागेत मावणार आणि वापरण्याआधी किती काळ साठवावा लागणार? ज्या प्रकल्पाकडे या तिन्हींची सरळ उत्तरे असतील, त्यालाच आपला पैसा मिळावा.