भिंती पाडून वाचलेला देश

ईस्टरच्या सुट्टीत दोन दिवस लक्झेंबर्गला जाऊन आलो. आम्ही दोघं आणि आठ महिन्यांची लेक. "एवढ्याशा देशात दोन दिवस करायचं काय गं?" हा आत्याचा फोनवरचा पहिला प्रश्न. अहो, बाळ बरोबर असलं की दिवसातले जेमतेम तीन तास आपले, बाकीचे दूध, डायपर आणि झोपेचे!

शहर पठारावर आहे आणि कडेला आल्झेट आणि पेट्रूस या नद्यांच्या खोल घळी. खालच्या ग्रुंड भागात उतरायला कातळातून लिफ्ट आहे, तिने बाबागाडीची लाज राखली. बस आणि ट्राम तर मार्च २०२० पासून सगळ्यांनाच फुकट. पण तटबंदी बघायची हौस घेऊन जाल तर थोडे तुकडेच हाती लागतात. याची गोष्ट मला फार आवडली.

९६३ साली सिगफ्रीड नावाच्या सरदाराने ट्रियरच्या मठाशी जमिनींची अदलाबदल करून बॉक नावाचा कातळ मिळवला आणि तिथे गढी बांधली. पुढे बर्गंडी, स्पेन, फ्रान्स, ऑस्ट्रिया... जो आला त्याने भर घातली. १६८४ मध्ये चौदाव्या लुईच्या व्होबाँने किल्ला जिंकला आणि मग स्वतःच आणखी मजबूत केला. लोक याला उत्तरेचं जिब्राल्टर म्हणू लागले.

इतका मजबूत किल्ला शेजाऱ्यांच्या डोळ्यांत खुपणारच. १८६७ साली इथे प्रशियाचं सैन्य होतं, ग्रँड ड्यूक होता हॉलंडचा राजा, आणि तिसरा नेपोलियन त्याच्याकडून हा प्रदेश चक्क विकत घ्यायला निघाला. प्रशिया भडकला, युद्ध दारात आलं. शेवटी मे १८६७ मध्ये लंडनला तह झाला: लक्झेंबर्ग तटस्थ राहील, प्रशियाचं सैन्य निघून जाईल आणि किल्ला पाडला जाईल. हे पाडकाम १८८३ पर्यंत, म्हणजे सोळा वर्षं चाललं!

वाचताना मला आपले गड आठवले. १८१८ नंतर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या कित्येक गडांच्या वाटा-पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, त्या पुन्हा कुणी उठू नये म्हणून. इथे मात्र तट पाडणं ही देश म्हणून टिकण्याची किंमत होती.

आता तुम्ही विचाराल, उपयोग झाला का? तर जर्मन सैन्य १९१४ मध्ये आलं आणि १९४० मध्ये पुन्हा आलं. तटस्थतेचा कागद कुणी वाचलासुद्धा नाही. तरी मला तो सौदा वाईट वाटत नाही. व्होबाँच्या तटांनी रणगाडे थोडेच अडवले असते? उलट तटाच्या आत कोंडलेलं शहर मोकळं झालं. तटाच्या जागी बागा आल्या, त्यातल्याच एकीत आमची बाबागाडी दोन तास फिरली.

आणि गंमत म्हणजे, कातळातली भुयारं पूर्ण पाडताच आली नाहीत, वर घरं होती ना. तेवीसपैकी सुमारे सतरा किलोमीटर शिल्लक राहिली. नवरा एकटाच आत जाऊन आला, कारण अरुंद जिन्यांवर बाबागाडीचं काम नाही. मी बाहेर लेकीला मांडीवर घेऊन माहितीपत्रक वाचत बसले. दुसऱ्या महायुद्धात याच भुयारांत हवाई हल्ल्यांपासून ३५,००० लोकांच्या आसऱ्याची सोय होती. तोफांसाठी खोदलेल्या त्या ओल्या अंधारात कुणीतरी आपलं तान्हं बाळ घेऊन नक्की बसलं असेल. त्या ओळीवर बराच वेळ थांबले.

बॉकच्या पायथ्याशी क्लाउसेन नावाची वस्ती आहे. तट पाडून झाल्यावर तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, तिथे रोबेर शुमान जन्मला. पुढे फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री म्हणून १९५० मध्ये त्यानेच फ्रान्स आणि जर्मनीचा कोळसा आणि पोलाद एका छत्राखाली आणायची योजना मांडली. १९५२ मध्ये त्या मंडळाचं काम सुरू झालं ते याच शहरात.