परवाना आणि आधिपत्य : प्रेम माथुर यांच्या वैमानिक-जीवनाचा विचार

भारतीय स्त्रीने विमानविद्येत प्रवेश केव्हा केला, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे सामान्यतः सनावळीच्या रूपाने दिले जाते. १९३२ मध्ये मुंबईच्या ऊर्मिला पारीख यांना विमानचालनाचा परवाना मिळाला. १९३६ मध्ये लाहोर येथे सरला ठकराल यांनी ‘जिप्सी मॉथ’ विमानातून एकटीने उड्डाण केले. १९४७ मध्ये अलाहाबादच्या प्रेम माथुर यांनी व्यावसायिक वैमानिकाचा परवाना संपादन केला. ही सनावळी उपयुक्त आहे खरी. परंतु तिच्यात एक मोठी उणीव आहे. परवाना म्हणजे विशिष्ट व्यक्तीच्या ठिकाणी विशिष्ट कौशल्य आहे, याची शासनाने दिलेली कबुली होय. त्या कौशल्यावर विसंबून कोणी प्रवाशांचे प्राण तिच्या स्वाधीन केले की नाही, हे परवान्यावरून समजत नाही. कौशल्याची कबुली आणि जबाबदारीचे दान या दोहोंमधील अंतर किती होते, हा या इतिहासातील खरा प्रश्न आहे. आणि तो प्रेम माथुर यांच्या जीवनाइतका स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच दिसतो.

या प्रश्नाचे स्वरूप समजण्यासाठी चालक-कक्षातील व्यवस्था ध्यानात घेतली पाहिजे. प्रवासी विमानात चालकांच्या दोन जागा असतात. डावीकडे विमानाचा प्रमुख म्हणजे कॅप्टन बसतो आणि उजवीकडे सहवैमानिक. दोघेही परवानाधारक असतात व विमान दोघांनाही चालविता येते. परंतु उड्डाण करावे की थांबावे, बिघाड झाल्यास कोठे उतरावे, याचा अंतिम निर्णय एकट्या प्रमुखाचा असतो, आणि कायद्याच्या दृष्टीने उत्तरदायित्वही त्याचेच असते. तेव्हा उजवीकडच्या जागेवरून डावीकडच्या जागेवर जाणे याचा अर्थ केवळ बढती असा नसून आधिपत्याची प्राप्ती असा आहे.

प्रेम माथुर यांच्यापूर्वीच्या पिढीत हा प्रश्न उपस्थितच झाला नव्हता. त्या काळी फ्लाइंग क्लबात जाऊन उड्डाण शिकणे हा सधन घरांतील छंद होता. सरला ठकराल यांनी तो व्यवसायाच्या दिशेने नेण्याचा प्रयत्न केला. त्यांचे पती स्वतः वैमानिक होते. १९३९ मध्ये विमान-अपघातात त्यांचे निधन झाले. त्यानंतर सरलाबाईंनी व्यावसायिक परवान्यासाठी जोधपूर येथे शिक्षण घेण्याचे योजिले, परंतु महायुद्धामुळे ते थांबले. पुढे त्या चित्रकला व वस्त्र-अलंकारांच्या आरेखनाकडे वळल्या.

माथुर यांच्या वाट्याला आलेला काळ निराळा होता. महायुद्ध संपल्यावर सैन्याला नको झालेली डाकोटा विमाने स्वस्तात उपलब्ध झाली आणि देशात अनेक विमान-कंपन्या निघाल्या. प्रवाशांच्या मानाने कंपन्या अधिक झाल्या, हे १९५० मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीनेही नमूद केले. अशा चढाओढीत प्रत्येक कंपनी एकेका प्रवाशाला जपत होती. माथुर यांच्याजवळ परवाना असूनही आठ कंपन्यांनी त्यांना नाकारले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. स्त्री विमान चालवीत आहे हे कळल्यास प्रवासी भयभीत होतील, असे कारण त्यामागे दिले गेले. या कारणाचे स्वरूप विलक्षण आहे. त्यात उमेदवाराच्या कौशल्याविषयी एक अक्षरही नाही. नकार देणाऱ्याने स्वतःची शंका प्रवाशांच्या नावावर जमा केली होती, आणि त्या प्रवाशांना मात्र कोणी काही विचारले नव्हते. १९४९ मध्ये माथुर यांनी राष्ट्रीय विमान-शर्यत जिंकली. कौशल्याचा प्रश्न उरला असेलच, तर तो तेथे मिटावयास हरकत नव्हती.

अखेर त्यांना नोकरी दिली ती हैदराबादच्या डेक्कन एअरवेज या कंपनीने. मराठवाड्याच्या वाचकाला ही संस्था परकी वाटण्याचे कारण नाही. निझामाच्या राजवटीतील रेल्वे आणि टाटा यांच्या भागीदारीतून ती निर्माण झाली होती. ज्या रेल्वेच्या मीटरमापी मार्गाने मनमाड, औरंगाबाद, जालना आणि परभणी ही गावे हैदराबादशी जोडली गेली, तिचेच हे हवाई अपत्य. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत औरंगाबाद हैदराबाद राज्यातच होते. देशातील एका स्त्रीला प्रवासी विमानाच्या चालक-कक्षात नोकरी देऊन बसविण्याचा मान अशा रीतीने या प्रदेशाच्या तत्कालीन राजधानीकडे जातो.

हा मान लहान नव्हे. अमेरिकेत हेलन रिची या स्त्रीला १९३४ मध्ये एका कंपनीने वैमानिक म्हणून घेतले. परंतु पुरुष वैमानिकांच्या संघटनेने तिला सभासदत्व नाकारले आणि १९३५ मध्ये तिने राजीनामा दिला. त्यानंतर तेथील मोठ्या प्रवासी कंपनीत स्त्री-वैमानिक दिसण्यास १९७३ साल उजाडावे लागले. हैदराबादने दिलेली संधी त्याहून सुमारे दोन दशके आधीची आहे.

तथापि याच ठिकाणी परवाना आणि आधिपत्य यांतील अंतर प्रकट झाले. माथुर यांची नेमणूक सहवैमानिक म्हणून झाली. त्यांना हवे होते विमानाचे प्रमुखपद, आणि ते तेथे त्यांना मिळाले नाही. त्यांनी हैदराबाद सोडले, त्या दिल्लीस गेल्या आणि उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांचे खाजगी विमान चालवू लागल्या. येथे एक आक्षेप संभवतो. प्रमुखपदासाठी उड्डाणाचे पुष्कळ तास लागतात. नवख्या वैमानिकास ते लगेच मिळत नाही, मग तो पुरुष असो वा स्त्री. आक्षेप योग्य आहे. परंतु तासांची अट मोजता येते आणि पुरी करता येते. प्रवाशांच्या कल्पित भयाला अशी मर्यादा नसते. ज्या व्यवसायाचे दार या भयाच्या कारणाने आठ वेळा बंद झाले, तेथे आतील दारही त्याच कारणाने अडले असावे, असे अनुमान अप्रस्तुत ठरू नये.

या मनोवृत्तीची खूण भाषेतही उमटली आहे. ‘विमान’ हा शब्द जुना. वेरूळच्या कैलास लेण्याच्या वर्णनात तो गर्भगृहावरील वास्तूसाठी येतो आणि तुकोबांच्या वैकुंठगमनाच्या कथेत दिव्य वाहनासाठी. ‘वैमानिक’ हा त्याचा तद्धित. जैन ग्रंथांतील वैमानिक देव विमानात वास करणारे आहेत, ते चालविणारे नव्हेत. चालक हा अर्थ यंत्रयुगाने दिला, आणि देताना तो पुरुषाचाच मानला. संस्कृतात ‘वैमानिकी’ हे स्त्रीलिंगी रूप सिद्ध असूनही मराठीने ते उचलले नाही; स्त्रीचा उल्लेख करताना ‘महिला’ हा शब्द मागाहून जोडावा लागला. याउलट विमानातील दुसऱ्या स्त्रीसाठी ‘हवाई सुंदरी’ हा शब्द विनासायास रूढ झाला. प्रवाशांची सेवा करणाऱ्या स्त्रीचे स्वतंत्र नाव भाषेने चटकन स्वीकारले, परंतु त्यांची जबाबदारी घेणाऱ्या स्त्रीचे नाव अपवाद म्हणूनच बनविले.

१९५३ मध्ये डेक्कन एअरवेजसह आठ कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि देशांतर्गत वाहतुकीसाठी इंडियन एअरलाइन्स स्थापन झाली. दुर्बा बॅनर्जी १९६६ मध्ये या संस्थेत आल्या आणि १९८८ मध्ये सुमारे साडेअठरा हजार तासांचा अनुभव घेऊन निवृत्त झाल्या. नोव्हेंबर १९८५ मध्ये कलकत्ता–सिल्चर मार्गावर फोकर फ्रेंडशिप विमानाचे सर्व कर्मचारी स्त्रिया होत्या. प्रमुखपदी सौदामिनी देशमुख होत्या आणि सहवैमानिक निवेदिता भसीन. सहवैमानिकाच्या आसनावरील याच भसीन यांनी १ जानेवारी १९९० रोजी, वयाच्या २६ व्या वर्षी, जेट विमानाचे आधिपत्य केले. जगातील सर्वांत तरुण स्त्री जेट-प्रमुख म्हणून त्या वेळी त्यांची नोंद झाली. ते उड्डाण मुंबई–औरंगाबाद–उदयपूर या मार्गावरील होते.

म्हणजे १९४७ च्या परवान्यापासून १९९० च्या या उड्डाणापर्यंत त्रेचाळीस वर्षे गेली. हैदराबाद राज्याच्या कंपनीत ज्या आधिपत्यासाठी प्रेम माथुर थांबू शकल्या नाहीत, ते धारण करणारी स्त्री एकेकाळी त्याच राज्यात असलेल्या, आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर हे नाव धारण केलेल्या, शहराच्या चिकलठाणा विमानतळावर उतरली. भारतातील वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण अलीकडच्या काळात सुमारे १५ टक्के आहे. जागतिक सरासरी सुमारे ५ टक्के धरली जाते. ही स्थिती पाहता माथुर यांचे जीवन यशाच्या कथेचा आरंभ म्हणून सांगण्याचा मोह होतो. तसे सांगणे चूक नाही, पण अपुरे आहे. त्यांनी जे मिळविले ते सनावळीत आले. त्यांना जे नाकारले गेले ते आले नाही. स्त्रियांच्या इतर व्यवसायांचा इतिहास लिहितानाही हीच कसोटी लावावयास हवी. पहिली पदवी, पहिली सनद, पहिली नेमणूक यांच्या तारखा लिहून थांबता कामा नये. अखेरचा निर्णय तिच्या हाती कोणत्या दिवशी आला, ही तारीखही शोधली पाहिजे. या दोन तारखांमधील वर्षे हीच त्या समाजाच्या इतिहासाची खरी सामग्री होय.