डॉ. सलीमुज्जमाँ सिद्दीकी : सर्पगंधा, कडुनिंब आणि ‘सायटेशन’चा हिशोब

हकीम अजमल खाँ यांचं नाव आपल्याला खिलाफत चळवळ आणि जामिया मिल्लिया इस्लामियामुळे ठाऊक आहे. पण हृदयरोगाचे डॉक्टरही त्यांचं नाव घेतात, बऱ्याचदा नकळत. ‘अजमलीन’ हे औषध त्यांच्याच नावाचं. हे नाव देणारे रसायनशास्त्रज्ञ म्हणजे डॉ. सलीमुज्जमाँ सिद्दीकी.

जन्म आणि तालीम

सिद्दीकी साहेबांचा जन्म १९ ऑक्टोबर १८९७ रोजी बाराबंकी जिल्ह्यातल्या सुबेहा इथे झाला. अलीगढच्या एम. ए. ओ. कॉलेजातून त्यांनी पदवी घेतली, तीही तत्त्वज्ञान आणि फारसीत. १९२० मध्ये ते वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेले. पुढच्याच वर्षी ते जर्मनीत फ्रँकफुर्टला पोहोचले आणि रसायनशास्त्राकडे वळले. १९२७ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

युनानी जडीबुटींची तपासणी आधुनिक रसायनशास्त्राने व्हावी, ही हकीम साहेबांची इच्छा होती. डिसेंबर १९२७ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजातलं संशोधनाचं काम सिद्दीकींनी पुढे नेलं.

दोन वनस्पती

पहिली सर्पगंधा. बिहारकडे तिला ‘पागल की दवा’ म्हणत. तिच्या मुळांतून सिद्दीकी आणि त्यांचे सहकारी रफत हुसेन सिद्दीकी यांनी १९३१ च्या सुमारास शुद्ध अल्कलॉइड्स वेगळी केली. आजच्यासारखी यंत्रं तेव्हा नव्हती. मुळांची पूड, अल्कोहोल, आम्ल, अल्कली आणि पुन्हा पुन्हा स्फटिक करून शुद्ध करणं, एवढ्यावरच काम चाले. मिळालेल्या पदार्थांना त्यांनी अजमलीन, अजमलिनीन अशी नावं दिली. स्वतःचं नाव कुठेच लावलं नाही.

दुसरा कडुनिंब. १९४२ मध्ये बंगळूरच्या ‘करंट सायन्स’मध्ये त्यांची एक छोटी टिपण प्रसिद्ध झाली. कडुनिंबाच्या तेलातले तीन कडू पदार्थ त्यांनी वेगळे केले होते : निंबिन, निंबिनिन आणि निंबिडिन.

१९५१ मध्ये ते पाकिस्तानात गेले. तिथली वैज्ञानिक संशोधन परिषद आणि नंतर कराची विद्यापीठातली रसायनशास्त्राची संशोधन संस्था त्यांनी उभी केली. १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो केलं. १४ एप्रिल १९९४ रोजी कराचीत त्यांचा इंतकाल झाला.

सायटेशन म्हणजे काय?

एका संशोधकाने आपल्या लेखात दुसऱ्याच्या लेखाचा दाखला दिला, की ते एक सायटेशन. अमेरिकेत युजीन गारफील्ड यांनी १९६४ पासून या दाखल्यांची पद्धतशीर सूची छापायला सुरुवात केली. २००५ मध्ये हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने ‘एच-इंडेक्स’ सुचवला. एखाद्याचे २० लेख असे असतील की प्रत्येकाला किमान २० दाखले मिळालेत, तर त्याचा एच-इंडेक्स २०.

आता सिद्दीकींचा हिशोब या मापाने करून बघा. अजमलीनचं काम या सूचीच्या तीसेक वर्षं आधीचं आणि भारतीय नियतकालिकातलं. ब्रुगाडा सिंड्रोम हा हृदयाची लय बिघडवणारा विकार १९९२ मध्ये वर्णन केला गेला. तो ईसीजीत दिसत नसेल, तर शिरेतून अजमलीन देऊन तपासतात. अशा तपासणीवर लेख लिहिणारा डॉक्टर सहसा ब्रुगाडा बंधूंचा दाखला देतो, १९३१ च्या लेखाचा नाही. शोध सगळ्यांच्या वापरात इतका मुरतो की मूळ लेख कोणी उघडतच नाही. कडुनिंबाच्या टिपणाचं उलट आहे. त्या रसायनशास्त्राचा इतिहास सांगताना सुरुवात तिथूनच होते, म्हणून तिचा दाखला आजही दिला जातो.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. सर्पगंधेतलं रक्तदाब उतरवणारं प्रसिद्ध द्रव्य, रिसर्पिन, सिद्दीकींच्या हाती लागलं नाही. ते १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी वेगळं केलं. त्याआधी १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण रुग्णांच्या अनुभवातून जगासमोर मांडला होता. म्हणजे एकाच मुळावर हकीम, रसायनशास्त्रज्ञ आणि डॉक्टर, तिघांची मेहनत आहे. कोणाचा वाटा किती, हे नुसत्या आकड्यातून समजत नाही.

आपल्यासाठी

आपल्या घरातली मुलं-मुली आज एम.एस्सी. करतात, पीएचडीसाठी गाईड शोधतात. तेव्हा सायटेशनचा आकडा जरूर बघा, तो निरुपयोगी नाही. पण दोन प्रश्न आणखी विचारा : हे दाखले दुसऱ्यांनी दिलेत की बरेचसे स्वतःचेच आहेत? आणि या गाईडचे विद्यार्थी पुढे काय करत आहेत? सिद्दीकी साहेबांच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी उभी केलेली कराचीची संस्था देते, आणि तिथे आजही संशोधन चालू आहे. आणि उस्तादाचा हक्क कसा अदा करायचा, हे आम्हाला ‘अजमलीन’ या एका नावातून कळतं.