राजाश्रय आणि त्याची वेळ

राजाश्रयाचा विचार करतांना लोक रक्कम पाहतात; वेळ क्वचितच पाहतात. परभणीच्या बी. रघुनाथांचें चरित्र या दृष्टीनें बोधप्रद आहे. १९१३ सालीं परभणी जिल्ह्यांतील सातोना येथें जन्मलेल्या या कवि-कादंबरीकाराचा बहुतेक लेखनकाल निजामी राजवटींत गेला. दरबारची भाषा उर्दू. तेथें मराठी लेखनास सरकारी आधार कोठला? बांधकाम खात्यांतील कारकुनी सांभाळूनच त्यांनीं ‘आडगावचे चौधरी’सारखी कादंबरी लिहिली. ७ सप्टेंबर १९५३ रोजीं, ऐन चाळिशींत, ते निवर्तले.

पुढें सहा महिन्यांनीं, १२ मार्च १९५४ रोजीं, दिल्लींत साहित्य अकादमीचें उद्घाटन झालें. पैसा केंद्र सरकारचा, कारभार स्वायत्त. योजना उदार खरी. १९५५ चा मराठीचा पहिला पुरस्कार तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथास मिळाला, हेंही योग्यच झालें. परंतु पुरस्कार हा सिद्ध ग्रंथाचा गौरव होय. ग्रंथ लिहीत असतां लागणारा निवांतपणा त्यांतून कसा लाभावा? कचेरीचें काम उरकून लेखणी धरणाऱ्यास तर तोच हवा असतो. दूरच्या जिल्ह्यांतील अशा लेखकास त्याच्या हयातींत गांठतां येतें कीं नाहीं, यावरच राष्ट्रीय संस्थेचें यश मोजावें.